कुठपर्यंत दिसतंय, सर?

घरमालकांच्या अटी ऐकण्यात माझी निम्मी नोकरी गेली. जिल्हा परिषदेचा मास्तर, दर काही वर्षांनी बदली. त्यामुळे अर्ध्या धुळे जिल्ह्यातल्या अटी मला तोंडपाठ आहेत. कुणाला भाडेकरूची मोटारसायकल ओट्यावर चालत नाही, कुणाला सासुरवाडीची माणसं चालत नाहीत, एका बाईंना तर मी सकाळी शिंकलेलंही चालत नसे. पण सोनगीरच्या उत्तरेला, महामार्गापासून थोडं आत असलेल्या एका गावात बदली झाली, आणि तिथल्या नानांनी गच्चीवरची खोली दाखवत जी अट घातली ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

"सर, गच्चीवर कपडे वाळवा, पापड वाळवा, स्वतः वाळत पडा. पण उत्तरेच्या कठड्याला दोरी बांधायची नाही. सातपुडा झाकतो."

मी उत्तरेला पाहिलं. जूनचे पहिले दिवस होते, पाऊस अजून यायचा होता. तिकडे पेज सांडल्यासारखं पांढुरकं आभाळ होतं, बाकी काही नाही.

"कुठाय सातपुडा?"

"आज नाही," नाना म्हणाले. जणू सातपुडा शिरपूरला काही कामासाठी गेलाय आणि संध्याकाळच्या एसटीने परत येईल.

आमच्या घरी मी ही गोष्ट सुरू केली की मुलगी लगेच म्हणते, "पप्पा, अंथरुणाचा भाग गाळायचा नाही हं." मी दर वेळी तो गाळायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी पकडला जातो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. आधी नाना, मग अंथरूण.

नाना शेतकी संशोधन केंद्राच्या हवामान विभागात निरीक्षक होते. पाऊस किती पडला, वारा कुठून आला, थंडी किती पडली, हे रोज ठरल्या वेळी पाहायचं आणि नोंदवायचं. या सगळ्याला यंत्रं होती. एकाच गोष्टीला यंत्र नव्हतं: आज कुठपर्यंत दिसतंय. ती नोंद डोळ्यांनी करायची. ठरावीक अंतरावरच्या खुणा धरायच्या आणि शेवटची कोणती दिसते ते लिहायचं. नाना सेवानिवृत्त झाले तेव्हा यंत्रं केंद्रातच राहिली. डोळे मात्र घरी आले. मग त्यांनी घरच्या गच्चीवरून नोंदी सुरू केल्या.

त्यांच्या खुणा पाच. गल्लीच्या टोकाचा निंब. गावाबाहेरची पाण्याची टाकी. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची चिमणी. दक्षिणेला सोनगीरचा किल्ला. आणि उत्तरेला, खूप लांब, सातपुडा. पहिल्या तिघांचं अंतर त्यांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून, चिंधी किती वेळा वर आली ते मोजत काढलं होतं. चिमणीच्या वाटेवर अर्ध्यात कुणीतरी "नाना, राम राम" म्हटलं, आकडा चुकला, म्हणून ते पुन्हा निंबापासून निघाले. तो माणूस अजून सांगतो की त्या दिवसापासून मी नाना सायकलवर दिसले की दुसऱ्या गल्लीने जातो.

सकाळची वंदना झाली, कपातला चहा बशीत आणि बशीतला पोटात गेला, की बरोबर सातला ते गच्चीवर. अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं खात्रीचं, लाल शंकेचं. सूर्याकडे पाठ करून एकेका दिशेला शांतपणे बघायचं, मग वहीत एकच शब्द. "चिमणी." "टाकी." दिवसभर कुणी "काय नाना, कसं काय?" विचारलं की उत्तर, "आज चिमणी." बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, म्हातारबुवांना चिमण्यांचा नाद असावा.

ही मोजपट्टी त्यांनी माणसांनाही लावून ठेवली होती. गावातला कुणी शहाणा निघाला तर "त्याला सोनगीरपर्यंत दिसतं". कुणी स्वतःच्या पलीकडचं बघत नसेल तर "तो निंबाचा माणूस". पुतणीसाठी आलेल्या स्थळाकडच्या लोकांना त्यांनी तोंडावर सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण टाकी." पुढची बोलणीच झाली नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "आणि मी हो, नाना?"

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुम्ही चिमणीपर्यंत जाल, सर. पण उठलात तर."

मी मोबाईलमध्ये हवेचा अंदाज दाखवला की ते विचारायचे, "हे यंत्र कुठे बसवलंय?"

"धुळ्याला असेल."

"मग धुळ्याची हवा धुळ्याला सांगा. इथे मी बसवलेला आहे."

मला वाटायचं म्हातारा छंदिष्ट आहे, चालू द्या. माझं मत बदललं ते एका पेलाभर पाण्याने. पाऊस संपून हवा अगदी धुतलेली होती. पहिल्यांदाच मी सातपुडा पाहिला होता, निळसर पट्टीसारखा, आणि नाना त्या दिवशी खुशीत होते. खाली ओसरीवर त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, माझ्या डोळ्यासमोर धरलं. "कॅलेंडरवरचा वार वाचा." पाण्यातून वार स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी चमच्याने चार थेंब दूध टाकलं, ढवळलं. "आता वाचा." कॅलेंडरच गेलं होतं. भिंतसुद्धा धड दिसेना.

"दूध किती टाकलं?"

"चार थेंब."

"चारच थेंब. चव घेतली तर कळणार नाही. हवेचं तसंच आहे. गाडीमागे उठते ती जाड धूळ, ती नाकात जाते, केसात बसते, पण लवकर खाली बसते. तिचा राग करू नका. धुराचा कण फार बारीक. तो बसत नाही. थंडीत वारा पडला की गावावरच राहतो. पहाटे त्याला दव चिकटतं, तो फुगतो, आणि मग सोनगीरहून आपल्याकडे निघालेला उजेड वाटेतच सांडतो."

"आणि पेल्यातलं दूध?" मागून अक्का म्हणाल्या. "तेबी सांडस का आते?"

अक्का म्हणजे नानांची बायको. त्यांचं माहेर शिरपूरच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. नानांचा तो पेला त्यांनी काढून घेतला आणि त्याच दुधाळ पाण्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलं. विज्ञान वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्या घराचा दंडक होता.

नानांचं खरं भांडण पऱ्हाट्यांशी होतं. कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळलेली झाडं उरतात. ती उपटायची, ढीग करायचा, आणि संध्याकाळी वारा पडला की काडी लावायची. वारा पडल्यावर का, तर ठिणगी शेजारच्या वावरात जाऊ नये म्हणून. ही काळजीच गावाला महागात पडत होती. वारा नसल्यामुळे धूर वर जात नसे. तो नाल्याच्या खोलगट भागात उतरून रात्रभर बसे, आणि आमच्या गावचा रस्ता महामार्गाला मिळतो तो नेमका त्या खोलगटात. सकाळी धुकं आणि धूर एक होऊन तिथे असं काही साचायचं की दूध नेणाऱ्या मोटारसायकलीला स्वतःचं पुढचं चाक दिसायचं नाही. अक्कांचा भाऊ बहिणीला भेटायला येताना तिथेच उसाच्या ट्रॉलीवर आदळला होता. पाय राहिला, पण चालताना अजून ओढतो. नानांच्या वहीत त्या दिवसापुढे लिहिलं होतं: "निंब."

नाना कुणाला उपदेश करत नसत. कुणाच्या वावरातून धूर निघाला की ते वही घेऊन तिथे जाऊन बसत.

"नाना, मनं वावर, मन्या पऱ्हाट्या, तुमनं काय जास?" मालक भडकायचा.

"काही नही जास, भाऊ. कितला वाजता पेटाडं, तितलं सांग."

समोरच्याला ही चौकशी सरकारी वाटायची. एकाने तर घाबरून ढिगावर पाण्याची बादली ओतली, आणि नाना हळहळले, कारण त्यामुळे धूर तिप्पट झाला.

आता अंथरूण.

माझ्या तिथल्या दुसऱ्या दिवाळीच्या सुमाराला अक्का आणि नाना यांच्यात एक वाद पेटला. नानांच्या नोंदीत सोनगीर दिसेनासा झाला होता. नानांचं म्हणणं, हवा बिघडली. अक्कांचं म्हणणं, "देखा, डोयाले जायं येल शे, आन दोष हवाले!" नाना परातीतला खडा निवडताना डोळ्याजवळ नेतात, टीव्हीतल्या बाईला बुवा म्हणतात, असे डोळ्यांवर जाळं आल्याचे पुरावे त्या देत. नानांना ते झोंबायचं. पण निरीक्षक माणूस. शंका आली म्हणजे ती तपासली पाहिजे. ते माझ्याकडे आले.

"सर, तुमचे डोळे माझ्यापेक्षा तरुण. सकाळी मी बघतो, नंतर तुम्ही बघा. दोघांचे रकाने वेगळे. तुमचं आणि माझं जुळलं तर हवा. नाही जुळलं तर..." त्यांनी बोटाने स्वतःच्या डोळ्याकडे दाखवलं. "ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे. पऱ्हाट्यांचा विषय मी मांडणार आहे. त्याआधी मला माझी वही पक्की हवी."

मी मोठ्या उत्साहाने हो म्हणालो. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे.

नानांचा एक नियम होता. दोन निरीक्षकांनी शेजारी उभं राहायचं नाही. एकाच्या तोंडाकडे बघून दुसऱ्याला दिसायला लागतं. म्हणून ते सातला वर येऊन आपली नोंद करायचे, खाली अंगणात जायचे, आणि तिथून हाक मारायचे, "कुठपर्यंत दिसतंय, सर?" मी खोलीबाहेर गच्चीवर यायचं, बघायचं, वरून ओरडून सांगायचं. त्यांच्या या काटेकोरपणामुळेच माझं फावलं.

पहिले पंधरा दिवस मी खरंच उठलो. मग थंडी वाढली. घरचे सगळे धुळ्याला, मला उठवायला कुणी नाही, रजई नवी. शिवाय मला एक शोध लागला होता. मी "टाकी" असं ओरडलो की नाना पुन्हा जिना चढून यायचे. "टाकी पूर्ण की नुसता वरचा भाग? शिडी दिसली? कडा धारदार की फिक्या?" दहा मिनिटं थंडीत उलटतपासणी. पण "सोनगीर" म्हटलं की खालून नुसतं "बरं" यायचं. एका सकाळी रजईतूनच, डोळे मिटून, मी ओरडलो, "सोनगीर!"

"बरं."

पुन्हा झोप लागली. फार गोड लागली.

त्यानंतर मी रोज सोनगीर. बदल म्हणून एखादा दिवस चिमणी. मनाची समजूतही घालून ठेवली होती: म्हाताऱ्या माणसाला जरा बरं वाटतं, हवा चांगली आहे म्हटलं की. आपलं काय जातं?

काय जातं ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मला दिसत नव्हतं. नाना गप्प झाले. कुणी "कसं काय" विचारलं तर नुसतं हसायचे. सायकल भिंतीला लागली ती लागलीच. बाजाराला पायी जाऊ लागले. जिना उतरताना हात भिंतीवर. एकदा मी पाहिलं, ते कॅलेंडरसमोर उभे राहून एक डोळा झाकत होते, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मी मनात म्हटलं, वय झालं. तिसरीच्या पोरांना मी जोड्या लावा शिकवतो, पण ही एक जोडी मला लागली नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, आणि पारासमोर सतरंज्या टाकून ग्रामसभा बसली. आमच्या सरपंचताई कामाला चोख. पाण्याचा विषय झाला, गटारीचा झाला. "आता नानांचा विषय," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी "झाला धूर सुरू" म्हटलं आणि हशा पिकला.

नाना उठले. वही छातीशी धरलेली.

"मी विषय मागे घेतो," ते म्हणाले.

हसणं थांबलं.

"पऱ्हाट्या जाळल्याने आपल्या फाट्यावर दिसत नाही, असं मी दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होतो. पण या हिवाळ्यात मी आणि सरांनी वेगवेगळी नोंद केली. मला टाकीपलीकडे दिसत नाही. सरांना रोज सोनगीर दिसतो. सर तरुण आहेत, शिकलेले आहेत. म्हणजे हवा चांगली आहे. दोष माझ्या डोळ्यात आहे. मी कुणाच्या बांधावर जाऊन बसलो असेन तर माफ करा. या वहीवर आता कुणी विश्वास ठेवू नये."

"मंग व्हयनं!" एक भाऊ मांडी थोपटत म्हणाला. "धूर नही, नानाना डोयाच खराब शे!"

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ताईंनी पुढच्या विषयाचा कागद उचलला. नाना खाली बसायला लागले, आणि बसताना त्यांनी जमीन हाताने चाचपली. तिथे सतरंजी आहे का ते त्यांना बघायचं होतं. स्वच्छ दुपारी, दोन हातांवरची सतरंजी. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास मी इतका संपवला होता.

मी उठलो. "ताई, मला बोलायचंय."

"बोला सर."

"मी... गच्चीवर येतच नव्हतो."

"म्हणजे?"

"अंथरुणातूनच सांगत होतो. सोनगीर."

मग सगळी ग्रामसभा जी हसत सुटली, ती मी उरलेली नोकरी त्या गावात कशी करणार याचा विचार करण्याइतका वेळ हसत राहिली. माझ्याच शाळेतल्या मुलांचे बाप एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. "सर, रजईमातून किल्ला दिसस का हो?" दोनच माणसं हसत नव्हती. एक मी, आणि एक नाना. ते माझ्याकडे बघत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. तेव्हापासून एकदाही नाही."

त्यांनी वही उघडली, लाल पेन काढलं, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काहीतरी लिहीत गेले. नंतर मी ते पाहिलं. प्रत्येक दिवसापुढे दोनच शब्द होते: "निरीक्षक गैरहजर."

"बरं, मग खरं काय धरायचं?" सरपंचताईंनी विचारलं. "सरांचं तर गेलं. नानांचा डोळा राहिला, पण त्याचं अक्का म्हणतात खराब."

"शेच खराब," अक्का बायकांच्या बाजूने ओरडल्या.

"मग असं करा. उद्या सकाळी सातला बठ्ठा गाव गच्चीवर. ज्याला गच्ची नाही त्याने शेजाऱ्याच्या. कुठपर्यंत दिसतं ते ज्याने त्याने बघा. त्याला काय लागतं?"

लोकांनी मान डोलावली ती गंमत म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मी सहालाच आंघोळ करून कठड्याशी उभा होतो, आणि सातला बघतो तर खरंच गच्च्यांवर माणसं. कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी दात घासत, कुणी लेकराला कडेवर घेऊन. आदल्या संध्याकाळी दोन वावरं पेटली होती. समोर सगळं राखाडी. सोनगीर नव्हता, चिमणी नव्हती.

"टाकी!" पलीकडच्या गच्चीवरून हाक आली.

"टाकीबी अर्धीच दिसस!"

"मनाकडथून तर टाकीबी नही!"

"ओ भाऊ, काल तूच पेटाडं ना? आते देख!"

नाना आपल्या वेळेला वर आले होते. माझ्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात, नियमाप्रमाणे. त्यांनी बघून नोंद केली होती आणि मग या हाका ऐकत उभे होते. एकेक हाक आली की वही थोडी खाली येत होती. शेवटी त्यांनी ती कठड्यावर ठेवली आणि उपरण्याचा कोपरा डोळ्यांना लावला. मी जवळ जाऊन त्यांची नोंद वाचली. "टाकी, अर्धी." निळ्या पेनने.

नाना खाली आल्यावर अक्का म्हणाल्या, "डोया बरा व्हयना का मंग?" तरी पुढच्या आठवड्यात त्यांनी नानांना धुळ्याला नेलंच. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डावा ठणठणीत. म्हणजे नवरा-बायको दोघंही खरं बोलत होते. त्या घरात पहिल्यांदाच हे झालं, असं दोघांचंही मत पडलं.

गावाने लगेच धूर बंद केला असं मी म्हणणार नाही. मी पुन्हा खोटी नोंद करणार नाही. पण पुढच्या हंगामात काही शेतकऱ्यांनी मिळून पऱ्हाट्यांचा भुगा करणारं मशीन भाड्याने आणलं आणि भुगा वावरातच पसरला. ज्यांना ते जमलं नाही ते नानांकडे विचारायला येऊ लागले. "नाना, उद्या पेटाडू का?" नाना वारा बघायचे. "परवा दुपारी. वारा नाल्याकडून बाहेर जाईल तेव्हा. संध्याकाळी नको." ग्रामसभेत मांडी थोपटणारा तो भाऊसुद्धा आला. अंगणातच उभा राहिला, वर आला नाही, पण आला.

नाना माझ्याशी बोलायचे. चहा, भाकरी, शाळा, सगळं नीट. फक्त सकाळची हाक बंद झाली. मी रोज सातला गच्चीवर उभा राहायचो, बघायचो, आणि मला कुणी विचारायचं नाही. वहीत माझा रकाना रेघ मारून ठेवलेला, कोरा. वर्षभर मी कोरा होतो. एवढी मोठी शिक्षा मला कुठल्याच वरिष्ठाने दिली नव्हती, आणि इतकी योग्यही.

पुढच्या जानेवारीत अवकाळी शिंतोडे पडून गेले. नंतर दोन दिवस उत्तरेचा गार वारा वाहत होता. तिसऱ्या सकाळी मी गच्चीवर आलो तर नाना आणि अक्का शेजारी शेजारी उत्तरेच्या कठड्याशी उभे. नियम मोडून! नानांच्या उजव्या डोळ्यात आता नवं भिंग होतं, आणि दोघांच्याही नजरा एकाच जागी लागल्या होत्या.

"सर," नाना मागे न बघता म्हणाले. "इकडे या. कुठपर्यंत दिसतंय?"

वर्षाने ती हाक आली. मी कठड्याशी गेलो. उत्तरेला पाहिलं. शेतं, बाभळी, चिमणी, तिच्या पलीकडे फिकट पांढरं, आणि त्यानंतर काही नाही. मी डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा पाहिलं. काही नाही. पण या दोघांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं की तिथे काहीतरी आहे. एक "हो" पुरेसा होता. अक्का माझ्याकडे वळल्या होत्या, हसत, त्या हो ऐकायला तयारच.

"सोनगीर दिसतो का ते मागे वळून बघतो," मी म्हणालो, वेळ काढायला.

"उत्तरेचं विचारलं."

"नाही दिसत, नाना. चिमणीपुढे मला काही दिसत नाही."

नानांनी वही माझ्या हातात दिली, आणि खिशातलं निळं पेन. "लिहा. तुमच्या रकान्यात, तुमच्या हाताने."

मी लिहिलं: "चिमणी." अक्षर चांगलं आलं. शेजारी नानांनी आधीच लिहिलेलं होतं: "सातपुडा." पुढच्या आठवड्यात मला लांबचा चष्मा लागला, नंबर चांगलाच निघाला, पण तो पुढचा आठवडा. त्या क्षणी मी फक्त वही धरून उभा होतो.

"माय वो!" अक्का म्हणाल्या. "इतला निया डोंगर आन सरले दिसस नही?" त्यांना माझी दयाच आली. त्यांनी माझा दंड धरला आणि लेकराला चंद्र दाखवतात तसं बोट केलं. "ते देखा, डावीकडे उंच शे, मंग उतरस, मंग दोन टेकड्यास्ना मझार खाच शे. दिसनी? त्या खाचना खाले मनं माहेर. सकायना टाइमले तठे ऊन पहिले पडस. आते पडेल शे, देखा, पिवयं पिवयं."

त्या इतकं छान सांगत होत्या की मला तो डोंगर जवळजवळ दिसायलाच लागला. निळा, मधे खाच, खाचेवर पिवळं ऊन. नकळत पेन पुन्हा वहीकडे गेलं. चिमणीच्या पुढे एक स्वल्पविराम देऊन मी "स" काढला.

नानांनी हळूच माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं.

"ऐकीव लिहायचं नसतं, सर."